कर्ज काढण्याआधी ते तीन फोटो पुन्हा उघड

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तू वडणग्याचा, वय तेवीस, शिरोलीला कारखान्यात पाळीची नोकरी. दोन वर्षांपूर्वी वापरलेला, २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा घेतलास, त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स. तालमीतले फोटो हललेले येतात, गुऱ्हाळातले मळकट येतात आणि जोतिबाच्या यात्रेतला गुलाल नुसता गुलाबी डाग दिसतो. म्हणून दोन लाखांचं कर्ज काढून फुल-फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणि मोठी लेन्स घ्यावी, तुळशीचं लग्न झालं की लग्नांच्या ऑर्डरी सुरू कराव्यात, असं तुझ्या मनात आहे. "दादा, घेऊ का?" असं तू विचारतोस.

नको घेऊस. निदान या सिझनला नको. पण नुसतं नको म्हणून मी मोकळा होणार नाही. तू नमुन्याला पाठवलेल्या तीन फोटोंत काय चुकलंय ते त्या फोटोंतच लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला तू शिकलास तर कर्जाचा प्रश्न आपोआप मागं पडतो. पंचवीस वर्षं मी कोल्हापुरात हे काम करतोय. सुरुवातीची वर्षं फिल्मवर गेली. तेव्हा रोल धुऊन आल्यावर कुठला फोटो कुठल्या शटरला काढला होता हे आठवायला खिशात वही ठेवावी लागायची. तुझा कॅमेरा ती वही स्वतःच लिहितो. शटर किती वेळ उघडं होतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक केवढं होतं, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता किती होती, लेन्स कितीवर होती, किती वाजले होते, सगळं प्रत्येक फाइलमध्ये असतं. तू ते कधी उघडून बघितलं नाहीस, हे तुझ्या प्रश्नावरून कळतं.

तालमीतला फोटो घेऊ. दोन पोरं पकडीत आहेत, मागं मारुतीची तसबीर, डावीकडं खिडकी. चेहरे पुसल्यासारखे. तू लिहिलंयस, "कॅमेरा फोकस धरत नाही." फाइलमधले आकडे असे आहेत: शटर १/३० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ६४००, लेन्स ५५ वर. आता फोटो मोठा करून खालच्या पैलवानाचा मातीत रुतलेला पाय बघ. बोटंन् बोटं दिसतात, बोटांमधली लाल माती दिसते. त्याच अंतरावरचा त्याचा हात मात्र ओढल्यासारखा झालाय. फोकस चुकला असता तर पायही मऊ आला असता. तुझा हात हलला असता तर सगळा फोटो एकाच दिशेनं ओढला गेला असता. इथं फक्त जे हलत होतं तेच पुसलं गेलंय. म्हणजे कॅमेऱ्यानं फोकस बरोबर धरला होता, तुझाही हात स्थिर होता, शटर तेवढं हळू होतं. बघ, एका पायावरून कॅमेरा निर्दोष सुटला.

मग शटर वाढवायचं कसं? तुझी किट लेन्स ५५ वर असताना एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही. तीच लेन्स १८ वर आणलीस की एफ ३.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), म्हणजे अडीचपट प्रकाश आत येतो. १/३० चं शटर जवळजवळ १/८० वर जातं. एक रुपया खर्च नाही. झूम करायच्या ऐवजी चार पावलं पुढं जायचं आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला गुडघ्यावर बसायचं. १८ वर चेहरा फ्रेमच्या कडेला आला की तो ताणल्यासारखा दिसतो, म्हणून माणसं मधल्या भागात ठेव, एवढंच पथ्य. त्यानंतर घ्यायचीच असेल तर एक वस्तू घे: ५० एमएमची एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स, वापरलेली चालेल. महिन्या-दोन महिन्यांच्या ओव्हरटाइममध्ये ती बसते. एफ २ वर ती तुझ्या आजच्या एफ ५.६ च्या आठपट प्रकाश घेते, म्हणजे त्याच उजेडात, त्याच आयएसओला १/३० च्या जागी १/२५० मिळतं. तुझ्या क्रॉप सेन्सरवर ती ७५ एमएमसारखी वागते, एकट्या पैलवानाच्या चेहऱ्याला नेमकी. फुल-फ्रेम बॉडी घेऊन तुला साधारण एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा, फायदा होईल. ही साधी लेन्स तीन स्टॉप देते. हा हिशोब दुकानात कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून मी दाखवतोय.

अजून एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तू वेगवान शटरला एका दमात काढलेल्या सहा फोटोंत दोन पिवळट आहेत, एकात खालच्या अर्ध्या भागात काळा पट्टा आहे. तो सेन्सरचा बिघाड नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळं साधी ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. ट्यूबच्या उजेडात शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोला पूर्ण लहर मिळते आणि रंग सारखे राहतात. स्वस्तातले एलईडीही असाच त्रास देतात. आता तू म्हणशील, एकीकडं १/२५० सांगता आणि दुसरीकडं १/१००. खरं आहे, पेच आहे. त्याची एक वाट कुस्तीतच सापडते. डाव टाकायच्या आधी एक क्षण असतो, दोघांनीही पूर्ण ताकद लावलेली असते आणि कोणीच हलत नाही. मानेच्या शिरा तटतटलेल्या असतात. तो क्षण १/१०० लाही स्वच्छ येतो, आणि खरं सांगायचं तर उचलून आपटण्याच्या फोटोपेक्षा मला तोच जास्त आवडतो. पण तो आधी ओळखता यायला ढाक कुठून लागतो, घिस्सा कसा बसतो, पट काढायला पैलवान खांदा कुठं नेतो हे माहीत पाहिजे. म्हणून दोन सकाळी कॅमेरा पिशवीत ठेवून नुसतं बस. वस्तादांना आधी विचार, चप्पल बाहेर काढ, मातीला हात लावून आत जा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून जपलेली माती आहे ती. तिच्यावर ट्रायपॉड रोवायचा नाही.

आणि खिडकी. तुझ्या फोटोत डावीकडची खिडकी नुसता पांढरा चौकोन आहे. सगळ्यात चांगला दिवा तोच होता आणि तू तो बाजूला टाकलास. खिडकीच्या जवळच्या कुस्तीचे फोटो काढ. खिडकीपासून लांब जाशील तसा उजेड फार झपाट्यानं कमी होतो. आता हे लक्ष देऊन वाच. अंबाबाईचा किरणोत्सव तू लहानपणापासून ऐकत आलास: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. या दोन तारखा अशाच का, हे कधी मोजलंस का? २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी येतो, १ फेब्रुवारी तेवढ्याच दिवसांनी नंतर. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळतो. ज्यांनी ते मंदिर बांधलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

हाच नियम तालमीच्या खिडकीलाही लागू आहे, गुऱ्हाळाच्या छपराच्या फटीलाही आणि तुझ्या घराच्या सोप्यालाही. तालमीत उन्हाची तिरीप ज्या दिवशी बरोबर हौद्याच्या मध्यावर पडेल, ती तारीख आणि वेळ वहीत लिही. २१ डिसेंबरच्या जितके दिवस आधी ती आली, तितकेच दिवस नंतर ती परत त्याच जागी येणार. घड्याळात थोडा फरक पडतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या त्या दोन तारखांत तो जवळजवळ अर्ध्या तासाचा असतो. मी अशा तारखांची वही वीस वर्षं ठेवतोय. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे आणि त्यातून उतरलेलं ऊन खालच्या शिळेवर, मग खांबांवर सरकत जातं. कुठल्या महिन्यात ते कुठपर्यंत पोचतं हे मला तिथं वारंवार जाऊनच कळलं. मंदिरात कॅमेरा चालत नाही तिथं पिशवीतच ठेवायचा, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, तीही आधी काढायची.

रंकाळ्याच्या सूर्यास्ताबद्दल तू विचारलंयस. चांगला असतो, काढ. त्यापेक्षा थंडीतल्या पहाटे जा, पाण्यावर धुकं असतं आणि गर्दी नसते. एवढं पुरे.

गुऱ्हाळाचा फोटो. मला तो सगळ्यात जवळचा वाटला, कारण तू जागा बरोबर निवडलीस: काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, पलीकडं गूळ करणारा गुळव्या, मागं चुलवाणाचा जाळ, वर वाफ. तरी सगळं राखाडी आलंय. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. तू त्याच्यासमोर अर्धी फ्रेम भरून पांढरी वाफ ठेवलीस, त्यानं तिला करडी केली. बिचारा गुळव्या आणखी काळवंडला. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, प्लसमध्ये न्यायचं, एकपासून सुरुवात करायची. उलट, रात्रीच्या गुऱ्हाळात फ्रेमचा मोठा भाग काळोखाचा असतो. तेव्हा मीटर सगळं उजळ करायला बघतो आणि जाळ पांढराफटक होतो, तिथं मायनस. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस, असं मनात धर.

वाफेची दुसरी गंमत अशी, की ऊन तुझ्या पाठीमागून तिच्यावर पडलं तर ती दिसतच नाही. ऊन वाफेच्या मागून आणि तिच्या पाठीमागं काळोख असला की ती चांदीसारखी उजळते. गुऱ्हाळाचं छप्पर आतून काजळीनं काळं असतं, म्हणजे पार्श्वभूमी तयारच आहे. तुला फक्त काहिलीच्या अशा बाजूला उभं राहायचंय की सकाळचं कोवळं ऊन तुझ्या तोंडावर येईल. म्हणजे सूर्य फ्रेममध्ये घ्यायचा असं नाही, तो एखाद्या खांबामागं लपव.

रंगाचं म्हणशील तर तुझा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा समतोल, ऑटोवर होता. जाळाचा उजेड तांबडा, बाहेरून येणारा पहाटेचा उजेड निळा. ऑटो दोघांना एकसारखं करायला जातो आणि जाळाची ऊबच काढून टाकतो. उन्हाचा, म्हणजे डेलाइटचा व्हाइट बॅलन्स ठेवून दे आणि जाळाला तांबडं राहू दे, निळ्याला निळं. फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढ, म्हणजे घरी येऊन हा निर्णय बदलता येतो. जेपेगमध्ये तो तिथंच पक्का होतो. आणि थंडीतून थेट वाफेत शिरलास की लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नकोस, परत धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं छपराखाली ठेव, तोवर गुळव्याशी बोल. रस कधी उकळला, मळी कधी काढायची, पाक कधी झाला हे तो हातानं सांगतो. त्याला पाक झाला असं वाटलं की पुढचं सगळं पटापट होतं, काहील उतरते, वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या पसरट हौदात, गूळ ओतला जातो. त्या पाच मिनिटांसाठी तू तासभर आधी तयार पाहिजेस.

आता जोतिबा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर गुलालात कॅमेरा घेऊन उभं राहणं धाडसाचं आहे, तू राहिलास त्याबद्दल कौतुक. सासनकाठी, यात्रेतली उंच मानाची काठी, मधोमध आहे, "चांगभलं"चा हात वर गेलेला आहे. पण माणसांचे चेहरे, फेटे, हवेतली धूळ, सगळं एकाच गुलाबी रंगात बुडालंय. तू हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला अंधार-उजेड दाखवणारा आलेख, बघितलास, त्यात तर काही कापलं गेलेलं दिसत नव्हतं, असं लिहिलंयस. तू सगळ्या रंगांचा मिळून एकच हिस्टोग्राम बघितलास. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे दाखवायची सोय तुझ्या कॅमेऱ्यात आहे, ती चालू कर. गुलालात लाल उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला दिसेल, बाकीचे दोन निवांत मध्ये. लालमधला सगळा तपशील गेला की गुलालाचे कण, सुरकुत्या, ओठ, काही उरत नाही. दोन तृतीयांश ते एक स्टॉप मायनस कर. स्क्रीनवर फोटो अंधारलेला वाटेल, वाटू दे. रॉमधून बाकीचं वर आणता येतं. पिक्चर प्रोफाइल "व्हिव्हिड" असेल तर ती काढून "न्यूट्रल" ठेव, कारण स्क्रीनवरचा फोटो आणि हिस्टोग्राम त्या प्रोफाइलवरच बनतात.

गुलालापासून कॅमेरा जपायचा तर यात्रेत लेन्स बदलायची नाही. अजिबात नाही. किट लेन्स झूम करताना आत-बाहेर होते, तेव्हा ती भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर गुलालही. एक माप ठरव, झूमच्या रिंगवर कागदी टेप लाव, दिवसभर तेवढ्यावरच काढ. समोर साधा पारदर्शक फिल्टर, बाकी बॉडीवर प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, ओला गुलाल रंग सोडतो आणि रबरात मुरतो. आधी मऊ ब्रश, मग हवेचा फुगा. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण जातात.

हे तिन्ही फोटो मी इतके खोलात का बघितले, तर यातली एकही चूक दोन लाखांच्या कॅमेऱ्यानं सुटली नसती. आपल्या गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर झाले. बाहेरून कॅमेरा मिळेना म्हणून त्यांनी १९१८ च्या सुमारास तो इथंच, कोल्हापुरात, सुटे भाग घडवून स्वतः बनवला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. मुळात ते चित्रकार होते. उजेड चेहऱ्यावर कुठून पडला की काय दिसतं, हे त्यांना कॅमेरा बनवायच्या आधीपासून येत होतं. मी स्टुडिओ उघडला तेव्हा माझ्या गुरूंनी मला हीच गोष्ट सांगितली होती. आता ती तुला सांगायची पाळी माझी आहे.

लग्नांकडं येऊ. दोन लाखांचं कर्ज, चोवीस हप्ते, व्याज १४ टक्के धर: महिन्याला साधारण ९,६०० रुपये. हप्ता बारा महिने येतो. लग्नं बारा महिने नसतात. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने मुहूर्त नाहीत, अधिक मास आला तर पाच. त्या चार महिन्यांत अडतीस हजारांवर रक्कम पगारातून भरायची, आणि तीही पहिल्याच वर्षी, जेव्हा तुला ओळखणारं कोणी नाही. त्यापेक्षा हा एक सिझन एखाद्या जाणत्या फोटोग्राफरकडं एक्स्पोजिंगला, म्हणजे त्याच्यासाठी फोटो काढून द्यायला, जा, दिवसाच्या मजुरीवर. सेकंड कॅमेरा धर. लग्नाच्या दिवशी बॉडी भाड्यानं घे, तीच वापर आणि तुझ्या बॉडीशी तुलना कर. सिझनच्या शेवटी तुला काय पाहिजे हे तुझं तुलाच कळेल, आणि मग कदाचित खरंच मोठी बॉडी लागेल. लग्नाला दोन मेमरी कार्डांवर एका वेळी लिहिणारा कॅमेरा लागतोच, त्याचं कारण मी खाली सांगतो.

कार्यालयातला उजेड तालमीपेक्षा अवघड असतो. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी, बाजूला व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा, वर रंगीत कापडाचा मंडप. फ्लॅश वर छताकडं मारून उजेड खाली आणायची युक्ती सगळे शिकवतात, पण छत पांढरं आणि जवळ असलं तरच ती चालते. भगव्या कापडाकडं मारलास तर नवरी भगवी होईल. तिथं मागच्या नाहीतर बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडं फ्लॅश वळव, नाहीतर तोंडाशी छोटा डिफ्यूझर लावून अगदी कमी ताकदीत सरळ मार. सुरुवातीला आयएसओ १६००, शटर १/१२५, एफ ४ यावर ये आणि तिथून कमी-जास्त कर. अक्षता हवेत थांबलेल्या पाहिजेत तर बाहेरच्या मांडवात १/५०० पुरतं. आतल्या उजेडात तेवढं शटर परवडत नाही, तिथं फ्लॅशच त्या थांबवतो, कारण कमी ताकदीवर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो.

अंतरपाट दूर होतो तो क्षण जेमतेम एक सेकंदाचा. दोघं एकमेकांकडं बघतात आणि लगेच सगळे मामा, काका, मित्र मध्ये येतात. सकाळीच गुरुजींना भेट, नमस्कार कर, शेवटचं मंगलाष्टक कुठलं म्हणणार आणि ते कुठल्या बाजूला उभे राहणार हे विचारून घे. मी आजही विचारतो. तू त्यांच्या विरुद्ध बाजूला थांब, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या माणसामागं जाणारा, आणि एका पॉइंटवर, नवरीच्या डोळ्यावर. आडव्या अल्बमची शीट १२ बाय ३६ इंचांची असते, म्हणजे एकास तीन. तुझी फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. पूर्ण शीटवर एकच फोटो घालायचा तर उंचीतला अर्धा भाग कापला जातो. असा फोटो काढताना डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडली नाहीस तर डिझाइन करणारा मुंडावळ्या कापेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

एका गोष्टीवर मी फार ठाम आहे. नवरीला गोरी करायची नाही. एडिटिंगमध्ये एक स्लायडर ओढला की होतं, गिऱ्हाईक कधी मागतंही. मी नाही म्हणतो आणि समजावून सांगतो. सावळ्या चेहऱ्यावर मोठा मऊ उजेड बाजूनं पडला की तो इतका देखणा दिसतो की घरचे तो प्रिंट बघून गोरेपणाचं विसरतात. अडचण चेहऱ्याच्या रंगाची नसते, समोरून मारलेल्या फ्लॅशची असते. हळदीच्या वेळी सोप्यात किंवा झाडाखाली, उघड्या सावलीत बसव आणि बघ.

आता दोन कार्डांचं कारण. साताठ वर्षांपूर्वी एका लग्नात माझं कार्ड संध्याकाळी वाचेनासं झालं. त्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसायचं. दुपारपर्यंतचं मी तेव्हाच उतरवून घेतलं होतं, म्हणून विधी वाचले. पाठवणी गेली. मुलीचे वडील आजारी होते, तिला घट्ट धरून उभे होते, तो फोटो त्या कार्डावर होता. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, पैसे परत केले. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. तो फोटो मला अजून डोळ्यासमोर दिसतो, आणि तो त्यांच्याकडं नाही. तेव्हापासून दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणाऱ्या बॉडीशिवाय मी ऑर्डर घेत नाही. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, त्यातली एक बहिणीच्या घरी. अल्बम हातात देईपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही. ३२ जीबीच्या कार्डात तुझ्या कॅमेऱ्याच्या हजारेक रॉ फाइल बसतात. एका लग्नाला चार कार्डं ठेव, एकच मोठं नको.

ऑर्डर घेताना इसार घे आणि एक पानाचा करार लिहून घे: किती तास, किती फोटो, अल्बमची किती शीट, कधी देणार. त्यात फोटोंच्या हक्काचंही लिही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, फोटोग्राफर नाही. पुष्कळ जणांना हे उलटं वाटतं. नमुन्याचे म्हणून फोटो बाहेर दाखवायचे असतील तर ती परवानगी करारातच घे, आणि नवरीला वेगळी विचार. घरच्यांनी हो म्हटलं म्हणजे तिनं म्हटलं असं होत नाही.

पावसाळ्याचं राहिलं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेला बुरशी येते, लेन्सला का येणार नाही? चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत लेन्स ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत घाल. गगनबावडा, पन्हाळा करून आलास की कॅमेरा आधी पंख्याखाली, मग डब्यात. बुरशी एकदा काचेच्या आत गेली की ती काढायला लेन्स खोलावी लागते, आणि तिनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा.

येत्या रविवारी हे कर: पहाटे तालमीत जा, लेन्स १८ वर, रॉ, आयएसओ ६४००, शटर १/१००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. खिडकीच्या बाजूला बस. चाळीसच फोटो काढ, जास्त नको. घरी येऊन प्रत्येक फाइलचे आकडे वहीत उतरव आणि समोर लिही की काय हललं, काय नाही. त्यातला एक ८ बाय १२ चा प्रिंट काढून वस्तादांना नेऊन दे. पुढच्या वेळी मला लिहिताना फोटोंबरोबर वहीचं ते पानही पाठव.